जुनी डीबीएफ फाइल आणि अर्धा ग

पेनड्राइव्हवरून एखादी जुनी डीबीएफ फाइल हाती आली की मी ती लगेच उघडत नाही. आधी प्रत काढतो, मूळ फाइल बाजूला ठेवतो आणि तिच्यातली माहिती नव्या प्रकारात हलवण्याआधी कागदावर हिशेब मांडतो.

डीबीएफ म्हणजे डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रामची फाइल. डीबेसचा पूर्वज वेन रॅटलिफ यांनी फुटबॉलच्या पैजा लावायला मदत व्हावी म्हणून लिहिला होता. पुढे फॉक्सप्रो या तशाच दुसऱ्या प्रोग्रामनेही हीच फाइल उचलली आणि आपल्याकडच्या पतसंस्था, दुकानं, वाचनालयं यांचे हिशेब तिच्यात जाऊन बसले. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची. फायली मात्र अजून निघतात.

हिची रचना वहीसारखी सरळ. आधी हेडर, म्हणजे फाइलीची ओळख: सुरुवातीला ३२ बाइट, मग प्रत्येक रकान्याच्या वर्णनाला ३२ बाइट, हेडर संपल्याची खूण म्हणून एक बाइट. त्यापुढे नोंदी, आणि अगदी शेवटी फाइल संपल्याची खूण, आणखी एक बाइट. समजा वाचनालयाच्या यादीत पाच रकाने आहेत: क्रमांक ६ बाइट, शीर्षक ६०, लेखक ४०, किंमत ८, तारीख ८. बेरीज १२२. नोंदीच्या सुरुवातीला आणखी एक बाइट असतो, म्हणून १२३. पुस्तकं ४,८१२ असतील तर हेडर आणि फाइल संपल्याची खूण धरून फाइल ५,९२,०७० बाइटची हवी. कमी भरली, तर फ्लॉपीवरून उतरवताना शेपूट तुटलंय.

नोंदीआधीचा तो एक बाइट मोठा गमतीचा. तिथे मोकळी जागा असेल तर नोंद चालू, तारांकन असेल तर 'डिलीट' केलेली. डीबेसमध्ये डिलीट म्हणजे नुसती खूण. 'पॅक' ही आज्ञा दिल्याशिवाय नोंद फाइलीतून जातच नाही. बहुतेक कन्व्हर्टर या नोंदी गुपचूप गाळतात. मी 'रद्द' नावाचा नवा रकाना करून त्या ठेवतो. हरवलेलं पुस्तक हीसुद्धा वाचनालयाची माहितीच.

इथवर सोपं. खरी गाठ पडते ती मराठीशी. मजकूर इस्की या भारतीय मानकात असेल तर नशीब. त्यात क म्हणजे १७९, आणि आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये २३२५. तक्ता लावला की बरंचसं काम भागतं. पण पुष्कळ ठिकाणी मजकूर फॉन्टच्या भरवशावर टाइप केलेला असतो. फाइलीत इंग्रजी अक्षरांचे नाहीतर चिन्हांचे आकडे, आणि ते मराठी दिसणार केवळ त्या फॉन्टमुळे. कुठला फॉन्ट, हे फाइल सांगत नाही.

अशा फॉन्टमध्ये अक्षर दिसतं तसं साठवतात, उच्चारतो तसं नाही. 'किती' लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग क. 'सूर्य'मध्ये आधी य, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडला मात्र र आधी हवा. बऱ्याच फॉन्टमध्ये ग हे अख्खं अक्षरच नसतं. अर्धा ग आणि काना मिळून ग, त्यापुढे आणखी एक काना आला की गा. नुसतं शोधा-आणि-बदला केलं तर 'गाव'च्या जागी 'ग्ााव' उमटतं. त्यामुळे बदलांचा क्रम ठरवावा लागतो: आधी लांब जोड्या, मग सुटी चिन्हं, शेवटी वेलांटी आणि रफार हलवायचे. तेही रकान्यागणिक, कारण शेजारच्या रकान्यात खरीखुरी इंग्रजी नावं असली तर त्यांचंही मराठी भरीत होतं.

माहितीचं नवं घर म्हणून मी एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस, पसंत करतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही माहिती जपायला तो प्रकार शिफारशीत घेतलाय. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, सगळीकडे उघडते, पण रकान्यांचे प्रकार तिच्यात राहत नाहीत. एक्सेलमध्ये तीवर डबल क्लिक केलं की ००४१७ चा ४१७ होतो आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक बिघडतो.

शेवटी दोन्हीकडच्या नोंदी मोजायच्या आणि किंमतीच्या रकान्याची बेरीज जुळवायची. ती जुळली की मग शीर्षकं, आणि ती वाचायला वाचनालयातलंच कुणीतरी शेजारी बसवावं लागतं.