चिपीच्या सड्यावरचा तीन अंशांचा उतार

आषाढ लागला की सिंधुदुर्गातून ठरलेली बातमी येते: खराब हवामानामुळे चिपीचं विमान रद्द. त्यावर गावातल्या पारापासून मुंबईतल्या चाळीपर्यंत चर्चा झडते. कुणी म्हणतं, पट्टी भिजली की विमान घसरतं, म्हणून उतरवत नाहीत. कुणी म्हणतं, एवढंसं पंख्याचं विमान, समुद्रावरच्या वाऱ्यात टिकणार कसं? आणि आवाज खाली आणून कुणीतरी सांगतंच की सडा, म्हणजे माथ्यावरचा सपाट कातळ, फोडताना जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाला, नीट विचारलं नाही, त्याचं हे फळ.

यातलं एकही कारण खरं नाही. जुलैत मुंबईची धावपट्टीही भिजते, तरी तिथं दिवसभर विमानं उतरत राहतात. एटीआरसारखं पंख्याचं विमान बांधलेलंच असतं अशा छोट्या, वाऱ्या-पावसाच्या ठिकाणांसाठी. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला पूर्ण विमानतळातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. समोर काहीच दिसत नसताना विमानाला खाली येण्याची वाट कोण दाखवतं?

आधी जागा समजून घेऊ. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. त्या किल्ल्याच्या दक्षिणेला, कर्ली खाडीपलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीच्या सड्यावर हा विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून एटीआर विमानाची सेवा सुरू झाली. धावपट्टी २५०० मीटर लांब, म्हणजे एटीआरला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त. तिच्या दोन टोकांवर ०९ आणि २७ हे आकडे आहेत. होकायंत्रावरची दिशा दहाच्या पटीत पूर्ण करायची आणि शेवटचं शून्य काढून टाकायचं. ०९ म्हणजे पूर्व, २७ म्हणजे पश्चिम. कोकणात पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो आणि विमान उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणजे भर पावसाळ्यात विमान बहुतेक वेळा कुडाळच्या बाजूनं येणार आणि समुद्राकडं तोंड करून उतरणार.

सडाच का निवडला, याचं उत्तर कोकणात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खाली खाड्या, नारळी-पोफळी, भातखाचरं आणि वाड्या. दोन-अडीच किलोमीटर सलग सपाट जागा मिळते ती वर कातळावरच. मूळ खडकातली सिलिका लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, आणि त्यातून हा जांभा तयार झाला. वरून कडक, आतून सच्छिद्र. मोपा, मंगळूर, कोळिकोड हे विमानतळही अशाच जांभ्याच्या माथ्यांवर आहेत.

आता पाऊस. पावसाचं पाणी विमानाला अडवत नाही, अडवते ती दृश्यमानता. छोटा विमानतळ सुरू होतो तेव्हा तिथली वाहतूक बहुधा 'दृश्य नियमां'वर चालते. वैमानिकानं ढगांपासून लांब राहायचं, साधारण ५ किलोमीटरपर्यंतचं त्याला दिसलं पाहिजे, आणि जमीन नजरेसमोर ठेवून उतरायचं. मे महिन्यात हे सहज जमतं. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची एक ओळ असते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की उतार बरोबर, सगळे लाल दिसले की विमान फार खाली. पण जुलैत एखादी मोठी सर आली की पाच किलोमीटर सोडाच, एक किलोमीटरवरचंही दिसेनासं होतं, आणि ढगांचा तळ कधीकधी तीनशे मीटरांच्याही खाली येतो. दिवे जागेवरच असतात, वैमानिकाला मात्र ते दिसत नाहीत.

त्यामुळे उताराची वाट प्रकाशानं न दाखवता रेडिओनं दाखवावी लागते, कारण मीटरभर लांबीची रेडिओ लहर ढगातून आणि पावसातून जवळपास जशीच्या तशी पार जाते. या यंत्रणेला आयएलएस म्हणतात. तिचे दोन भाग असतात. लोकलायझर डावं-उजवं सांगतो, ग्लाइड स्लोप वर-खाली. लोकलायझर इथं बाजूला ठेवतो, कारण खरी करामत ग्लाइड स्लोपची आहे आणि सड्याचा संबंध त्याच्याशीच येतो.

ग्लाइड स्लोप साधारण ३३० मेगाहर्ट्झची लहर सोडतो. तिच्यावर दोन सूर चढवलेले असतात, एक ९० हर्ट्झचा आणि दुसरा १५० हर्ट्झचा. विमान ठरलेल्या उताराच्या वर असेल तर त्यातल्या यंत्राला ९०चा सूर जोरात मिळतो, खाली असेल तर १५०चा. दोन्ही सारखे मिळाले की विमान बरोबर तीन अंशांच्या रेषेवर आहे. वैमानिकासमोरची खूण मध्यावर येते. तिला मध्यावर ठेवत खाली यायचं, बाहेर पांढऱ्याशुभ्र ढगाशिवाय काही नसलं तरी.

पण तीन अंश म्हणजे किती कमी! धावपट्टीपासून ५ किलोमीटरवर विमानाची उंची फक्त २६० मीटर असते. इतक्या कमी कोनात, अर्ध्या अंशाच्या बारकाईनं रेडिओचा झोत आखायचा तर तरंगलांबीच्या शंभरपट मोठा अँटेना लागेल. इथं तरंगलांबी सुमारे ०.९ मीटर आहे. म्हणजे धावपट्टीच्या कडेला जवळजवळ शंभर मीटर उंच मनोरा! विमानांच्या वाटेत असा मनोरा कोण उभा करणार?

अभियंत्यांनी यावर जे उत्तर शोधलं ते मला आजही थक्क करतं. त्यांनी जमिनीलाच यंत्रणेचा भाग करून टाकलं.

धावपट्टीच्या बाजूला एक साधा खांब असतो. त्याच्यावर ८.६ मीटर उंचीवर एक अँटेना आणि बरोबर निम्म्यावर, ४.३ मीटरवर, दुसरा. वरच्या अँटेनातून निघालेली लहर विमानाकडं दोन वाटांनी जाते. एक सरळ आणि दुसरी समोरच्या सपाट जमिनीवर आदळून, परावर्तित होऊन. एवढ्या तिरक्या कोनात परावर्तन झालं की लहर उलटी होते, म्हणजे जिथं माथा होता तिथं खळगा येतो. शिवाय परावर्तित लहरीला थोडं जास्त अंतर कापावं लागतं. ते जादा अंतर म्हणजे अँटेनाच्या उंचीची दुप्पट गुणिले कोनाचा साइन. तीन अंशांचा साइन ०.०५२३. हिशोब करून बघा: २ × ८.६ × ०.०५२३, उत्तर ०.९ मीटर. बरोबर एक तरंगलांबी! पूर्ण एका तरंगलांबीनं मागं पडलेली लहर पुन्हा पहिलीच्या जोडीला येते, पण ती आधीच उलटी झालेली असते, म्हणून दोघी एकमेकींना पुसून टाकतात. तळ्यात दोन खडे टाकले की काही ठिकाणी माथा आणि खळगा एकत्र येऊन पाणी स्थिर राहतं, तसंच. तीन अंशांच्या कोनात वरच्या अँटेनाचा आवाज शून्य होतो. आकाशात एक तिरपा, निःशब्द पापुद्रा तयार होतो.

आता खालचा अँटेना. त्याची उंची निम्मी, म्हणून जादा अंतरही निम्मं, म्हणजे अर्धी तरंगलांबी. अर्ध्या तरंगलांबीनं मागं पडणं म्हणजे पुन्हा एकदा उलटं होणं. दोनदा उलटी झालेली लहर सुलटी होते आणि सरळ आलेल्या लहरीत मिसळून तिला बळ देते. ज्या तीन अंशांवर वरचा अँटेना गप्प असतो, नेमक्या त्याच कोनात खालचा सर्वांत जोरात असतो.

खालच्या अँटेनातून मूळ लहर आणि दोन्ही सूर समसमान सोडायचे. वरच्यातून मूळ लहर सोडायचीच नाही, फक्त सूर सोडायचे, आणि तेही असे जुळवून की पापुद्र्याच्या खाली ते १५०ला बळ देतील आणि ९०ला कापतील. पापुद्रा ओलांडून वर गेलं की वरच्या अँटेनाच्या लहरीचं चिन्ह बदलतं, अधिकाचं उणे होतं, आणि तेच सूर आता ९०ला बळ देतात व १५०ला कापतात. प्रत्यक्ष पापुद्र्यावर वरच्या अँटेनाचं काहीच पोचत नाही, उरतात खालच्याचे समसमान सूर. एक खांब, दोन अँटेना आणि समोरची जमीन, एवढ्या सामग्रीतून शंभर मीटरच्या मनोऱ्याचं काम होतं.

आता सड्याकडं परत या. या व्यवस्थेत जमीन हा आरसा आहे. तीन अंशांसाठी वरच्या अँटेनाची लहर खांबापासून साधारण १६५ मीटरवर आदळते, पण परावर्तन एका बिंदूवर होत नाही. पुढची काही शे मीटर जमीन त्यात भाग घेते आणि ती सपाट असावी लागते. समोरची जमीन एक अंशानं खाली उतरत गेली तर पापुद्राही एक अंशानं खाली झुकतो, मग खांबावरची सगळी मापं नव्यानं बसवावी लागतात. जमीन अचानक संपली, पुढं उतार आणि दरी आली, तर अर्धाच आरसा उरतो आणि पापुद्र्याला बाक येतो. बर्फाळ देशांत या जमिनीवर फूटभर बर्फ घट्ट बसला तर आरसाच फूटभर वर उचलला जातो आणि उतार तीनाचा ३.१ अंश होतो. कोकणात बर्फ नाही, पण सड्यावर श्रावणात गवत केवढं वाढतं ते आपण जाणतो. खांबासमोरच्या पट्ट्यातलं गवत कापलेलं ठेवावं लागतं, आणि विमान उतरत असताना तिथं ट्रक, जेसीबी, गुरं यांपैकी काहीही चालत नाही. अशा यंत्रणेची घडी नीट आहे की नाही हे पाहायला ठराविक काळानं खास मोजणीचं विमान त्या उतारावरून उडवतात.

जमीन आखूड असेल तरी मार्ग आहेत. अँटेनांच्या उंच्या कमी करून जवळच्या जवळ परावर्तन घेता येतं. जमिनीच्या आरशाची गरजच नसलेला, धावपट्टीच्या कडेनं बुटका पसरलेला अँटेनाही असतो. मात्र जागा बघून, मापं घेऊन त्यातलं काय बसेल ते ठरवावं लागतं.

म्हणूनच जागेवाल्याच्या कोपाची गोष्ट मला मान्य नाही. गाऱ्हाणं घालणं ही श्रद्धा असेल, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण विमान का उतरलं नाही याचं उत्तर मीटरमध्ये आणि अंशांमध्ये मोजता येत असताना ते राखणदारावर ढकललं, तर दुरुस्तीची मागणी कुणाकडं करायची हेच कळेनासं होतं. 'कोकणचा कॅलिफोर्निया' या घोषणेबद्दलही माझी तक्रार हीच आहे. टर्मिनलच्या चित्रांवर आणि 'आंतरराष्ट्रीय' या विशेषणावर भाषणं होतात, ढगात काम करणाऱ्या उपकरणांवर कुणी दोन वाक्यं बोलत नाही. जून ते सप्टेंबर हा कोकणातला वर्षाचा तिसरा हिस्सा आहे. त्यात गणपती येतात, आणि चाकरमान्याला विमान हवं असतं तेही त्याच दिवसांत.

खांब न उभारताही उतार दाखवण्याची एक नवी सोय आपल्याकडं आहे, ती म्हणजे इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली 'गगन' यंत्रणा. जीपीएसचे उपग्रह अंतर सांगतात, पण त्यांच्या लहरी वरच्या विद्युतभारित हवेतून, आयनोस्फिअरमधून येताना रेंगाळतात आणि जागा काही मीटरनं चुकते. आपल्याकडं हा त्रास जास्त आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दिवसा तिथली विद्युतभारित हवा वर उचलली जाते आणि चुंबकीय रेषांवरून घरंगळत उत्तरेला भोपाळ, अहमदाबादच्या आसपास दाट होते. कोकण यांच्या मधल्या उतारावर आहे, म्हणून इथं काही शे किलोमीटरांत ही चूक बरीच बदलते. 'गगन'ची देशभरातली १५ केंद्रं, त्यातलं एक गोव्याचं, आपली अचूक जागा आधीच जाणतात. उपग्रहानं सांगितलेली जागा आणि खरी जागा यातला फरक ती सतत मोजतात, बेंगळुरूचं नियंत्रण केंद्र त्यातून दुरुस्ती काढतं आणि भूस्थिर उपग्रहावरून विमानांना कळवतं. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगढला एक एटीआर विमान 'गगन'च्या आधारानं उतरवून दाखवलं गेलं. विमानतळावर अँटेना नको, सपाट आरसा नको. विमानात मात्र त्या जोडीचं यंत्र हवं, त्या धावपट्टीसाठी उतरण्याचा नकाशा आखून मंजूर झालेला हवा आणि वैमानिकाला त्याचं प्रशिक्षण हवं.

साध्या श्रेणीची आयएलएस असो की 'गगन', अगदी शेवटपर्यंत रेडिओवर विसंबता येत नाही. साध्या श्रेणीच्या आयएलएसमध्ये वैमानिकानं ६० मीटर उंचीवर निर्णय घ्यायचा असतो: धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर ताबडतोब वर जायचं. तीन अंशांच्या उतारावर ६० मीटर उंची म्हणजे चाकं टेकायला साधारण सव्वा किलोमीटरहून थोडं कमी अंतर. ताशी २०० किलोमीटरनं येणारं एटीआर ते वीसेक सेकंदांत कापतं. त्या क्षणी वैमानिकाला दिसावेत म्हणून पट्टीच्या टोकाबाहेर दिव्यांची रांग लावतात, आणि या श्रेणीसाठी ती पूर्ण असेल तर ९०० मीटर लांब असते. सडा त्याआधीच संपत असेल तर पुढचे दिवे उतारावर खांब रोवून, पट्टीच्या पातळीशी जुळते ठेवावे लागतात. त्या खांबांना जागा लागते आणि ती विमानतळाच्या कुंपणाबाहेर, कुणाच्या तरी काजूच्या बागेत असू शकते.