नवी जाती (शोभिवंत मासे)

शास्त्राच्या यादीत नसलेल्या माशाचे रीतसर वर्णन होऊन त्याला नाव मिळाले की ती नवी जाती ठरते. (परिभाषेत ‘प्रजाती’ ही जातीच्या वरची पायरी, वृत्तपत्रे जातीलाच प्रजाती म्हणतात. येथे परिभाषा पाळली आहे.)

असा मासा यादीला नवा असला तरी नदीकाठच्या भोयांना, कोळ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. याची साक्ष नावेच देतात. कर्नल विल्यम सायक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन करताना मराठी नावेच लॅटिनात बसवली : मळ्या माशावरून ‘मुल्या’, शिंगटी माशावरून ‘सींगटी’. या नावांचे साल कोणते, याबद्दल जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्ताचा तो खंड १८३८ चा, पण छापून आला १८३९ मध्ये. चित्रांसह सविस्तर लेख १८४१ चा. अग्रहक्क (आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरणे) प्रकाशनाच्या तारखेवरून ठरत असल्याने १८३९ हेच साल अधिक सयुक्तिक दिसते. ही चिकित्सा किरकोळ वाटेल. पण मत्स्यपेट्यांतला लाडका कार्डिनल टेट्रा घ्या. १९५६ मध्ये त्याची दोन नावे एका दिवसाच्या फरकाने प्रसिद्ध झाली, २० आणि २१ फेब्रुवारीला. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगापर्यंत वाद गेला आणि आदल्या दिवशीचे नाव टिकले.

कधी बाजार शास्त्राच्या पुढे धावतो. म्यानमारच्या शान प्रांतातला ठिपकेदार ‘गॅलेक्सी रासबोरा’ २००६ मध्ये शौकिनांपर्यंत पोहोचला. शास्त्रीय वर्णन २००७ मध्ये झाले आणि पुढे त्याची रवानगी ‘डॅनिओ’ प्रजातीत झाली.

सायक्सच्या सांख्यिकी अहवालात दख्खनच्या चार जिल्ह्यांपैकी खानदेश एक आहे. त्याने वर्णन केलेले मासे मात्र मुख्यतः भीमा खोऱ्यातले. खानदेशातली तापी पश्चिमवाहिनी आहे. गिरणा, पांझरा दक्षिणेकडून आणि अनेर, गोमाई सातपुड्यातून तिला मिळतात. सातमाळा-अजिंठ्याची रांग हे खोरे गोदावरीपासून तोडते. डोंगरी ओढ्यातला बोटभर मासा असा जलविभाजक सहसा ओलांडत नाही, म्हणून दोन्हीकडचे सारखे दिसणारे मासे एकच आहेत असे गृहीत धरता येत नाही. सह्याद्रीत एकाच जातीच्या मानलेल्या मुऱ्यांतून (मुरी म्हणजे ओढ्यातल्या दगडांखाली राहणारा छोटा मासा) २०२१ मध्ये नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. आंबोलीच्या देवळातल्या कुंडातली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ त्याआधीच्या वर्षीची.

पावसाळा ओसरला की सातपुड्यातले ओढे घोट्याइतके उथळ आणि नितळ होतात. दगड अलगद उचलला की मुरी गाळाचा धुरळा उडवून सटकन शेजारच्या दगडाखाली शिरते. अंगावर उभे पट्टे, तोंडाशी सहा मिश्या. पट्टे ओळखीचे नसले तर पाहणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. बहुधा फरक वयाचा, नर-मादीचा किंवा तळच्या वाळूच्या रंगाचा निघतो. त्यातूनही शंका उरली तर परांचे किरण मोजायचे, पार्श्वरेषेची (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेची) छिद्रे मोजायची, जनुकाची तुलना करायची. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडतो, म्हणून छायाचित्र जिवंतपणीच काढतात. पेशींचा नमुना अल्कोहोलात वेगळा ठेवतात.

ओढ्यातली मुरी पेटीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. पण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि जळगावच्या मे महिन्यात पंप बंद पडला तर वाहत्या पाण्याची सवय असलेला हा मासा फार वेळ तग धरत नाही.