मराठवाडा कोणी, कसा आणि कधी मोजला

मराठवाडा मागास आहे, हे आता इतक्यांदा म्हणून झालंय की ऐकणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण मागास म्हणजे कशात, कोणाच्या तुलनेत, आणि मराठवाड्यातला नेमका कोण, असं विचारलं की आकडे लागतात. ते आकडे जमवले कोणी आणि सामान्य माणसाला ते बघता कधीपासून येऊ लागले, याचा थोडा मागोवा घेऊ.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली तेव्हा मराठवाड्याचे पाच जिल्हे होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. दफ्तर उर्दू, फारसी आणि मोडीत, वर्ष फसली, म्हणजे महसुलाचं वेगळं साल. जमिनीच्या वादात आजही वकील ज्याची नक्कल काढायला धावतात ते खासरा पत्रक, म्हणजे जमीन कोणाची आणि कसतो कोण याची नोंद, 1954-55 चं. मराठी मुलूख एकत्र यावेत म्हणून झालेल्या 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष, असं लिहिलं गेलं. पुढे राज्यघटनेत विकास मंडळांची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकण्याची तरतूद करणारं कलम 371(2) आलं. लक्ष किती दिलं गेलं हे मोजायचं कसं, ते मात्र त्यानंतरची जवळपास तीस वर्षं कोणी ठरवलं नाही. मागणी होती, मोर्चे होते, गोविंदभाई श्रॉफांची मराठवाडा जनता विकास परिषद होती. सर्वांना मान्य असा तक्ता नव्हता.

तो तक्ता अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये दिला. रीत साधी होती. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या खाली किती ते बघायचं आणि ती तूट भरायला किती खर्च येईल ते मांडायचं. याचंच नाव अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटींवर निघाला, त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटी. 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मधल्या काळात विजय केळकर समितीचा 2013 चा अहवालही येऊन गेला.

दांडेकरांच्या कामाचं मोल कमी लेखायचं कारण नाही. भाषणातली तक्रार त्यांनी रुपयांत आणून ठेवली. पण त्या कोष्टकात वस्तू मोजल्या गेल्या, माणसं फारशी मोजली गेली नाहीत. रस्त्याचे किलोमीटर आले. तो रस्ता गावठाणापर्यंत येऊन दलित वस्तीच्या अलीकडेच थांबतो का, हे आलं नाही. शिवाय प्रत्येक क्षेत्राचा रकाना वेगळा. पाणी, शाळा, जमीन आणि जात ही एकाच घरात एकमेकांना कशी खेचतात, ते त्या रीतीत दिसणं शक्यच नव्हतं.

2005 चा माहिती अधिकार कायदा आला आणि कलम 4 नुसार न मागता माहिती प्रसिद्ध करणं कार्यालयांना बंधनकारक झालं. 2012 मध्ये केंद्राचं डेटा धोरण आणि त्यापाठोपाठ सरकारी डेटाचं राष्ट्रीय पोर्टल आलं. जनगणनेची गावनिहाय कोष्टकं, शाळांची यूडायस ही जिल्हा माहिती प्रणाली, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हापत्रकं, रोजगार हमीचे मस्टर, सातबारा, सगळं हळूहळू स्क्रीनवर आलं. खुलं म्हणजे वापरण्याजोगं असतंच असं नाही. तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ किंवा जुन्या फाँटमधला, कॉपी केला की कचरा होणारा मजकूर ज्याने हाताळलाय त्याला हे सांगायला नको.

जुळवायला बसलं की पहिली ठेच नकाशालाच लागते. 1981 मध्ये औरंगाबादमधून जालना वेगळा झाला, 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर, 1999 मध्ये परभणीतून हिंगोली. लातूरची 1971 ची साक्षरता शोधायला गेलं तर तो जिल्हाच सापडत नाही; तालुके पकडून बेरीज करावी लागते. 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली, त्यामुळे एका फाइलीत उस्मानाबाद, दुसरीत धाराशिव, आणि संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे जिल्हे. नावाऐवजी गावाचा कोड धरला तर गाडी पुढे सरकते, पण कोड न देणारी खाती अजून आहेत.

एवढं करून तक्ते शेजारी ठेवले की बीडसारखा जिल्हा वेगळाच दिसू लागतो. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. 2001 मध्ये त्या 894 होत्या. 2019-21 च्या आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं त्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के, बीडमध्ये 44 च्या आसपास, परभणीत 48. आणि 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. एक जनगणनेचा विषय, दुसरा सर्वेक्षणाचा, तिसरा आरोग्य खात्याचा. तिन्ही एकत्र वाचायची सवय आपल्या कारभाराला नाही.

यांना जोडणारा दुवा ऊसतोडीला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतो. तिथे मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर आणि ती बहुतेक नवऱ्याच्या हातात. खाडा झाला तर दंडही त्या जोडीलाच. बाईची मजुरी स्वतंत्र लिहिलेलीच नसते, मग ती कुठल्या खुल्या डेटात येणार? जोडीशिवाय कोयता होत नाही, म्हणून लग्न लवकर. पाळीत आणि बाळंतपणात खाडा परवडत नाही, म्हणून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकण्याचा सल्ला पटतो. हे प्रत्येक घरात असंच घडतं, असं जिल्ह्याच्या आकड्यावरून म्हणता येणार नाही. त्याच बीडमध्ये माजलगावच्या कालव्यावर ऊस पिकवणारा शेतकरी आहे आणि बालाघाटाच्या माथ्यावर धारूर, पाटोद्याकडून तो तोडायला परमुलखात जाणारा मजूरही आहे. सरासरीत दोघे एक होतात. म्हणून तालुका आणि गाव पातळीच्या आकड्यांचा आग्रह धरावा लागतो.

माझ्या मते या सगळ्यात तारखांकडे फार कमी लक्ष गेलंय. शाळेची पटसंख्या वर्षानुवर्षं 30 सप्टेंबरची धरली गेली. त्या दिवशी पोरं वर्गात असतात. दसरा-दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर उसाच्या फडावर. पट भरलेला, वर्ग रिकामा, आणि डेटा म्हणतो सगळं ठीक. जनगणनेचंही तसंच. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, ऐन गळीत हंगामात. त्या पूर्ण काळात गावी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा असतो, म्हणजे वडवणीचं कुटुंब कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत.

शेतकरी आत्महत्यांच्या नोंदीत गाळणी वेगळी आहे. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या तक्त्यात पात्र आणि अपात्र असे रकाने असतात. मदतीच्या निकषात जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्जही बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. बटईने करणारा, गायरान कसणारा भूमिहीन तिथे अडतो. गायरानावरची दलितांची अतिक्रमणं नियमित करायचे 1978 आणि 1991 चे शासन निर्णय आहेत. सातबाऱ्यावर नाव किती जणांचं चढलं ते आता गट नंबर टाकून कोणालाही बघता येतं. हे पूर्वी तलाठ्याच्या मर्जीवर होतं.

जातीचा रकाना मात्र 1931 नंतर रिकामा आहे. अनुसूचित जाती-जमाती वगळता कोणाचीच पूर्ण मोजणी झाली नाही, आणि 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतले जातींचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निघाली ती निजामकालीन कागदांतच, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात आधार घेतला गेला तो निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटियरचा. ताजा आकडा नसला की शंभर वर्षांपूर्वीच्या दफ्तराला असं वजन येतं.

आता 2027 च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. संदर्भ तारीख 1 मार्च. त्या दिवशीही ऊसतोड चालूच असेल, तेव्हा कोपीवर जाणाऱ्या प्रगणकाने मूळ गाव आणि स्थलांतराचं कारण नीट लिहिणं, आणि ते कोष्टक पुढे तालुकानिहाय प्रसिद्ध होणं, ही मागणी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांतही आत्तापासून पोहोचवायला हवी.