केबिन लपली, पण कोणापासून?

उत्तर स्वीडनमध्ये हाराड्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या पाइनच्या जंगलात २०१० साली एका झाडाच्या खोडाला आरशांचा ठोकळा बसवला गेला. चार मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. ‘ट्रीहॉटेल’मधली ही खोली, नाव ‘मिररक्यूब’. थाम अँड विदेगॉर्ड या वास्तुरचनाकारांनी अॅल्युमिनियमचा हलका सांगाडा उभारून त्यावर परावर्तक काच चढवली. फोटोत आधी झाडंच दिसतात. दोराचा पूल बघितल्यावर कळतं की इथे काहीतरी आहे.

आसपासच्या निसर्गात मिसळून जाणारं घर म्हणजे हेच, असं आपल्याला वाटतं. पण ते मिसळलंय माणसाच्या डोळ्यापुरतं, आणि जंगलात बघणारे बाकीही पुष्कळ आहेत.

काच हा अडथळा आहे हे पक्ष्याला कळत नाही. काचेतलं झाड त्याच्या लेखी खरं झाड, आणि तो थेट त्या फांदीकडे झेपावतो. अमेरिकेत इमारतींवर आदळून वर्षाला किती पक्षी मरतात याचा २०१४ मधला एक अंदाज साडेछत्तीस कोटी ते जवळपास शंभर कोटी इतका आहे. गंमत म्हणजे, त्यात गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. उरलेले सारे मृत्यू घरांवर आणि बुटक्या इमारतींवर. रानातली काचेची केबिन याच दुसऱ्या गटात मोडते.

मिररक्यूबच्या रचनाकारांना याची कल्पना होती. त्यांनी काचेत असा अतिनील रंग घातला, जो आपल्याला दिसत नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथीमुळे अतिनील किंवा त्यालगतचा जांभळा प्रकाश त्यांना दिसतो. युक्ती सुंदर आहे, पण अर्धवट. रामगंगा (इंग्रजीत टिट) या पक्ष्याच्या कुळातले छोटे पक्षी अतिनील चांगलं पाहतात; कबुतरं, कावळे, शिकारी पक्षी यांची ती दृष्टी बरीच कमकुवत असते. हीच काच आणून सह्याद्रीत लावली, तर झाडीतून खालून वेगाने उडणारा पाचू कवडा तिच्यावर आदळू शकतो, कारण तोही कबुतरांच्याच कुळातला. त्यापेक्षा काचेच्या बाहेरच्या बाजूला दर पाच सेंटिमीटरवर ठिपके काढणं जास्त भरवशाचं. फोटो बिघडतो, हे खरं.

त्याच ट्रीहॉटेलात २०२२ मध्ये ‘बायोस्फिअर’ ही खोली आली. डॅनिश वास्तुरचनाकार बियार्के इंगेल्स यांच्या संस्थेने तिच्याभोवती ३५० पक्षिघरं लटकवली. लाकडासाठी राखलेल्या जंगलात ढोलीची म्हातारी झाडं टिकत नाहीत, म्हणून ही सोय. लपण्याच्या बाबतीत मात्र ती साफ नापास: दुरूनही डोळ्यांत भरते. मला विचाराल तर जंगलात जास्त मिसळलेली खोली हीच.

डोळ्यांचा प्रश्न सुटला तरी पाया उरतोच. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात. पायाचा चर खणला की ती तुटतात. यंत्रं फिरली की माती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागतं, तेव्हा बांधकामावर कोणाचा संशयही जात नाही. नॉर्वेत वाल्डाल इथल्या ‘युवेत’ हॉटेलच्या खोल्या येन्सेन अँड स्कोदविन या वास्तुरचनाकारांनी म्हणूनच चाळीस मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळ्यांवर उभ्या केल्या. सळ्या खडकात बसवल्या, सुरुंग लावला नाही, खालचं शेवाळही जवळपास जसंच्या तसं राहिलं. आतल्या भिंतींना काळपट तेल दिलंय, म्हणजे काचेत खोलीचं प्रतिबिंब पडत नाही आणि बाहेरची दरी स्वच्छ दिसते.

बाहेरच्या लाकडाला बरेच जण रंग देतच नाहीत. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू जोडून ठेवणारा पदार्थ, तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, वर सेल्युलोजचे फिके तंतू उरतात. त्यात बुरशीची भर पडून काही वर्षांत भिंत खडकासारखी करडी होते. ही झीज वरवरची असते, पाइनसारख्या लाकडात शंभर वर्षांत जेमतेम सहा मिलिमीटर. फक्त छपराच्या वळचणीखाली ऊनपाऊस कमी पोचतो, तिथली पट्टी तपकिरीच राहते आणि भिंत दुरंगी दिसते. मालक मग रंगाचा डबा शोधायला लागतात, तेव्हा त्यांना आवरायला हवं.