उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत अजून ऐकू येतं : उद्यम नोंदणी (म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) कारखानदारांसाठी असते आणि एजंटला पैसे दिल्याशिवाय होत नाही. दोन्ही चूक. जुलै २०२० पासून ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. आधार आणि पॅन पुरतात, कागद जोडावे लागत नाहीत. घरी मेतकूट-भाजणी करून विकणाऱ्या काकू, सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं, सगळ्यांना खुली.

खरा फायदा मात्र कुणी सांगत नाही. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ग्राहक कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट चक्रवाढ व्याज. (निव्वळ खरेदी-विक्रीच्या दुकानांना हे लागू नाही.) म्हणून काम हाती घेण्याआधीच नोंदणी करून ठेवा.