कविता म्हणायची की वाचायची?

गेल्या कोजागरीला गुहागर तालुक्यातल्या एका वाचनालयात कविसंमेलन होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त बाईंनी पिशवीतून वही काढली, चष्मा बदलला आणि पहिलं कडवं चालीवर म्हटलं. दुसऱ्या कडव्याला संयोजकांची चिठ्ठी आली : ‘काव्यवाचन आहे, गायन नको.’ बाईंनी चिठ्ठी खुणेसारखी वहीत ठेवली आणि उरलेली कविता सपाट आवाजात उरकली. मसाला दूध येईपर्यंत सभागृहात दोन तट पडले होते. ते अजून आहेत.

वाद दिसतो नियमाचा, पण गोची शब्दाची आहे. मराठीत कविता गातात, वाचतात आणि ‘म्हणतात’. ‘बाळ, कविता म्हणून दाखव’ यात गाणं नसतं आणि कोरडं वाचनही नसतं. साकी, दिंडी, ओवी या छंदांच्या चाली त्या पिढीच्या कानात शाळेतच बसल्या. पेटी नाही, तबला नाही, नुसती चाल. कार्यक्रमपत्रिकेत मात्र ‘काव्यवाचन’ आणि ‘काव्यगायन’ एवढेच दोन रकाने उरले, आणि बाई दोन्हींत बसत नाहीत.

याचं मूळ जात्यावरच्या ओवीत आहे, हे वेगळं सांगायला नको. पिठाची गिरणी आली, जातं पडवीत गेलं, ओवीचं पहाटेचं निमित्त संपलं. चाल तेवढी राहिली.

छापील कवितेची तऱ्हा वेगळी. १९२३ साली पुण्यात जमलेल्या कवींच्या रविकिरण मंडळाने कविता जाहीरपणे गाऊन लोकप्रिय केली. त्याची टिंगलही भरपूर झाली. चाळिशीच्या दशकात नवकविता आली आणि सुरावर म्हटलेली कविता जुनाट वाटू लागली. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तीन कवींनी मिळून गावोगाव कार्यक्रम केले आणि काव्यवाचनाला हक्काचा श्रोता मिळवून दिला. त्यांतले पहिले दोघे जन्माने आपल्याकडचे, कोकणातले, एक देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, दुसरे वेंगुर्ल्याचे. नियमाच्या बाजूचे लोक दाखला देतात तो या तिघांचाच. पण ते तिघे पुरुष होते, त्यांना अख्खी संध्याकाळ मिळायची, आणि घड्याळ दाखवायची कुणाची छाती नव्हती.

रत्नागिरीचं साहित्य संमेलन १९९० सालचं. मालगुंडचं केशवसुत स्मारक १९९४ सालचं. त्यानंतर किनाऱ्यावर तालुक्या-तालुक्यांत कविसंमेलनं भरू लागली. नोकरी आणि संसार यांतून मोकळ्या झालेल्या बायका वह्या घेऊन पुढे आल्या. नवरा मुंबईला चाकरमानी, घर-शेत-म्हातारी माणसं हिच्या गळ्यात. लिहिलेलं वीस-वीस वर्षं ट्रंकेत. साठीनंतर पहिल्यांदा माईकसमोर उभं राहणं यात त्यामुळे नवल नाही. कवी वाढले तशी वेळ आटली : एक कविता, तीन मिनिटं. चालीवर म्हटलं की पाच कडव्यांना सहा मिनिटं सहज जातात, आणि मागे तीस जण ताटकळत असतात. संयोजकांची ही अडचण खरी आहे. पण मग वेळेचा नियम वेळेपुरता ठेवावा, आवाजाला कशाला लावायचा? (पत्रिकेत नावाआधी ‘ज्येष्ठ’ लागलं की हार मोठा आणि वेळ छोटी, हेही पाहिलंय.)

टाळेबंदीत, २०२० साली, याच बायका फोनवर कविता रेकॉर्ड करून गटांवर टाकू लागल्या. तिथे चिठ्ठी पाठवणारं कुणी नव्हतं. चालीवरच्या कविताच जास्त पुढे पाठवल्या गेल्या, असा निदान आमच्या गटातला अनुभव.

यंदाच्या पत्रिकेत ‘काव्यसादरीकरण’ असा नवा शब्द आहे. दोन्ही तटांना तो आवडलेला नाही. बाईंना निमंत्रण गेलंय. त्यांनी फक्त मिनिटं किती, एवढं विचारलं.