ल्युकेमियाला मारलं कोणी?

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मज्जेत. तिथल्या मोजक्या मूलपेशी जन्मभर लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट बनवत राहतात. ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, बिघाड या उगमापाशीच होतो, त्यामुळे गाठीसारखा तो कापून काढता येत नाही. म्हणून काही डॉक्टरांनी एक धाडसी हिशेब मांडला. किरणोत्साराचा जबर मारा करून रुग्णाची सगळी मज्जा, चांगली आणि वाईट दोन्ही, जाळून टाकायची आणि दुसऱ्या कुणाची निरोगी मज्जा शिरेतून द्यायची. मूलपेशी हाडांपर्यंतची वाट स्वतःच शोधतात.

हा हिशेब आयुष्यभर लावून धरला तो अमेरिकेतल्या डोनल थॉमस यांनी. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांतल्या दोघांमध्येच मज्जा थोडा काळ रुजली आणि शंभर दिवसांच्या आत सहाही जण दगावले. दोन वर्षांनी त्यांनी ल्युकेमियाच्या दोन रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. ती छान रुजली, रक्त पूर्ववत झालं, आणि काही महिन्यांत कर्करोग परत आला. एवढ्या किरणोत्सारानेही तो मुळापासून मरत नव्हता.

तोवर बहुतेक संशोधकांनी हा नाद सोडला होता. थॉमस कुत्र्यांवरच्या प्रयोगांकडे वळले. एकाच वेताच्या पिल्लांमध्ये ऊतींचा प्रकार जुळवून मज्जा दिली आणि नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट हे औषध दिलं, तर कुत्री वर्षानुवर्षं जगतात, हे दिसू लागलं. त्यांच्या पत्नी डॉटी या सगळ्यात प्रयोगशाळेपासून शोधनिबंधांच्या संपादनापर्यंत बरोबरीने राबत होत्या. पुढे थॉमस यांना आणखी एकासोबत नोबेल मिळालं, आणि नोबेलच्या यादीत तिसऱ्या नावाला जागा असते. ती रिकामी राहिली, हे मला अजून खटकतं.

१९६९ मध्ये सिएटलला ल्युकेमियाच्या रुग्णांना ऊती जुळणाऱ्या भावंडांची मज्जा देणं सुरू झालं. १९७७ साली शंभर रुग्णांचा अहवाल आला, त्यात तेरा जण कर्करोगमुक्त जगत होते. आकडा लहान दिसतो, पण या शंभरांसाठी बाकीचे सगळे उपचार संपले होते. पुढे आजार आटोक्यात असतानाच रोपण करायला लागल्यावर निकाल खूपच सुधारले. १९९० साली थॉमस यांना मूत्रपिंड रोपणाचे जनक जोसेफ मरे यांच्यासोबत ते नोबेल मिळालं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी मात्र वेगळीच होती. मज्जेबरोबर दात्याच्या टी पेशीही येतात, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या दृष्टीने रुग्णाचं सगळं शरीरच परकं, म्हणून त्या त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर तुटून पडतात. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात, आणि अनेक रुग्ण कर्करोगातून वाचून यात जातात.

१९७९ मध्ये सिएटलच्याच गटाने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. ज्यांना हा त्रास बऱ्यापैकी झाला होता, त्यांच्यात कर्करोग उलटण्याचं प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी होतं. जुळ्यांचं कोडंही इथेच सुटतं. जुळ्याच्या पेशींना रुग्ण परका वाटतच नाही, मग त्या उरलेल्या कर्करोगपेशींवर तरी कशाला धावून जातील?

थोडक्यात, रोपण म्हणजे नुसती नवी मज्जा बसवणं नव्हतं, दात्याची प्रतिकारशक्तीही रुग्णाच्या अंगात लढायला येत होती. याचा उलट पुरावाही मिळाला. १९८० च्या दशकात टी पेशी गाळून मज्जा दिली तेव्हा जीव्हीएचडी कमी झाला, पण ल्युकेमिया जास्त वेळा परतला. मग म्युनिकच्या हान्स-योखेम कोल्ब यांनी रोपणानंतर आजार उलटलेल्या रुग्णांना त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा ल्युकेमियाचा प्रकार नाहीसा झाला. ते वर्षही १९९० चंच.

मग एवढा भयंकर किरणोत्सार हवाच कशाला? वयस्कर रुग्णांना तो सोसवत नाही. आता अशांना सौम्य मारा देऊन बाकीचं काम दात्याच्या पेशींवर सोपवतात.

हल्लीची युक्ती मला सर्वांत हुशार वाटते. सख्ख्या भावंडाच्या ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, पण आई, वडील किंवा पोटचं मूल निम्मं तरी जुळतंच. पूर्वी असं निम्मं जुळणारं रोपण जवळपास आत्मघातच होतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगाचं औषध देण्याची पद्धत बसवली गेली. रुग्णाच्या शरीराला परकं समजून चवताळलेल्या टी पेशी तेव्हा भराभर विभाजत असतात, म्हणून औषध त्यांना आधी टिपतं. मूलपेशींकडे हे औषध निकामी करणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे त्या वाचतात. ज्यांच्यासाठी जुळणारा दाता सापडत नसे, त्यांच्यापैकी अनेकांसाठी आता दाता घरातच मिळतो.